शंभर रिकामी घरं

तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची टोकं कायम लाल असत. साबणानं तो रंग जात नसे, घासून जात नसे, आणि नखांच्या कडेला तर तो मुक्कामालाच होता. त्यावरून सगळ्या इमारतीत तिला लालबोटी म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर ती सगळ्यांची ताई होती, कारण तिच्यासमोर वाकडा शब्द काढायची कोणाची टाप नव्हती. एका तपासनिसानं एकदा विचारलं होतं, "हातमोजे घालूनही बोटं लाल कशी होतात हो?" ती म्हणाली, "मोजे काम करताना घालतात. रंगाच्या बाटल्या भरताना घाई असते." त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि मग तेही खोडलं.

क्षयाच्या दवाखान्यात जिन्याच्या बाजूनं आत गेलं की तिची प्रयोगशाळा. दोन खिडक्या. एक उजेडासाठी, दुसरी लोकांसाठी. त्या दुसऱ्या खिडकीतून झाकणाच्या डब्या आत यायच्या आणि कागद बाहेर जायचे. गेली एकवीस वर्षं ती या दोन खिडक्यांच्या मध्ये बसून लोकांचा बेडका तपासत होती. नातेवाइकांत कोणी विचारलं की नवरा सांगायचा, "ती सरकारी रंगारी आहे." तिला त्याचा राग येत नसे, कारण गोष्ट खरीच होती.

क्षयाचा जंतू अंगावर मेणचट आवरण घेऊन असतो. साधा रंग त्याला लागत नाही. म्हणून डबीतला नेमका पिवळट, घट्ट भाग काडीनं उचलायचा, काचेच्या पट्टीवर पातळ पसरायचा, वाळला की ज्योतीवरून तीन-चारदा फिरवायचा. मग लाल रंग ओतून काचेला खालून ऊब द्यायची. वाफ निघाली पाहिजे, पण उकळी फुटता कामा नये. पाच मिनिटांनी पाण्यानं धुवायचं आणि आम्ल ओतायचं. बाकी सगळं आम्लापुढे रंग सोडून मोकळं होतं. हा पठ्ठ्या सोडत नाही. पुन्हा पाणी, मग निळा रंग, पुन्हा पाणी. काच वाळली की मायक्रोस्कोपखाली निळ्या पसाऱ्यात लाल बारीक काड्या दिसतात, असल्या तर.

मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणाऱ्या गोल तुकड्याला ती 'घर' म्हणायची. हा शब्द तिला काम शिकवणाऱ्या जुन्या साहेबांचा. ते वर्तमानपत्राच्या तुकड्यावर काच ठेवायचे आणि पसरलेल्या थरातून खालची अक्षरं वाचता आली तरच पुढे जाऊ द्यायचे. नाहीतर काच फेकून द्यायला लावायचे. "काडी दिसली तर आहे म्हण," ते सांगायचे, "पण नाही म्हणायचं असेल तर शंभर घरं हिंडून ये. दारावरून परतायचं नाही." शंभर घरांत मिळून एक ते नऊ काड्या सापडल्या, तर तो आकडा जसाच्या तसा कागदावर लिहायचा, हेही त्यांनीच शिकवलं. लालबोटीनं एकवीस वर्षांत एकाही काचेला नव्याण्णव घरांवर सोडलं नव्हतं. दर तीन महिन्यांनी वरच्या प्रयोगशाळेचे लोक तिच्या काचा उचलून नेत आणि पुन्हा तपासत. एकदाही मोठी चूक निघाली नाही. तिथे नव्या माणसांना तिचे कागद नमुना म्हणून दाखवतात हे तिला कळलं होतं, आणि आपल्याला ते कळलेलं आहे हे ती कोणाला कळू देत नसे.

आता चूक कुठे झाली ते सांगायला हवं. चूक झाली सुबकपणात.

नव्यानं बसवलेल्या बेसिनचा नळ पाणी उडवायचा. काच धुताना शिंतोडे अंगावर, टेबलावर, शेजारच्या काचांवर. अर्ज केला तर नळ बदलायला वर्ष गेलं असतं. लालबोटीनं कपाटातून जुन्या शेगडीची रबरी नळी शोधली, वीतभर कापली आणि नळाच्या तोंडावर चढवली. पाणी कसं शहाण्यासारखं एका धारेत पडायला लागलं. तिला स्वतःच्या हिकमतीचं इतकं कौतुक वाटलं की डॉक्टरांना बोलावून तिनं ती धार दाखवली. डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांनी मान डोलावली.

मग इमारतीला रंग द्यायचा म्हणून दवाखाना बारा दिवस बंद राहिला. उघडल्यावर लालबोटीनं पहिल्याच आठवड्यात पाहिलं की काड्या जास्त सापडताहेत. एरवी दहा जणांत एक. आता दहांत तीन. बहुतेक थोड्याच काड्या असत, कोणाच्या चार, कोणाच्या सहा, पण असत. डॉक्टर म्हणाले, "ताई, नजर आणखी तेज झाली तुमची. दुसऱ्या कोणाला हे चार-सहा सापडले नसते." त्या दिवशी घरी जाताना ती जिना मोजून न उतरता भरभर उतरली. स्तुती कोणाला नको असते? तिथेच ती सावध व्हायला हवी होती. झाली नाही.

काड्या सापडल्याचा अकरावा कागद ज्या बाईच्या हाती पडला, ती तो घेऊन परत खिडकीशी आली.

"ताई, हे तुमच्याच हातचं ना?"

लालबोटीनं मान वर केली आणि तिचा हात तसाच थांबला. खिडकीत पाळणाघरातल्या मावशी उभ्या होत्या. काचांवर फक्त नंबर असतात. नंबर कोणाचा ते तिला ठाऊक नसे. तिनं त्या नंबरापुढे स्वच्छ अक्षरात सात लिहिलं होतं.

या मावशी म्हणजे तिच्या लेकीची अर्धी आई. लेक सहा महिन्यांची असल्यापासून आठ वर्षांची होईपर्यंत रोज सकाळी त्यांच्या दारात उतरली आणि संध्याकाळी त्यांच्या कडेवरून परत आली. लेकीचं पहिलं पाऊल मावशींनी पाहिलं. लालबोटी तेव्हा कोणाच्या तरी काचेवर घरं मोजत होती. मावशींनी ते कधी बोलून दाखवलं नाही. उलट संध्याकाळी म्हणाल्या होत्या, "आज चालेल असं वाटतंय हं, नीट लक्ष ठेवा," आणि लेक आईसमोर चालली तेव्हा त्याही नवल करायला उभ्या राहिल्या. ही गोष्ट लालबोटीला पुष्कळ वर्षांनी कळली.

"तीन आठवडे खोकला आहे," मावशी म्हणाल्या. "चौदा पोरं आहेत, एकाचं नाक थांबतं तर दुसऱ्याचं सुरू होतं. मला वाटलं त्यांचाच प्रसाद. डॉक्टर म्हणाले तपासून घ्या. आता म्हणतात, पाळणाघर बंद ठेवा. ताई, तीस वर्षं एक दिवस बंद नाही ठेवलेलं. एकदा क्षय म्हणून बंद झालं, तर पुन्हा कोण पोर आणून सोडणार माझ्याकडे?"

"तुम्ही बसा," लालबोटी म्हणाली. "मी काच पुन्हा बघते."

तिनं पेटीतून ती काच काढली. सात काड्या होत्याच. पण या वेळी ती मोजत नव्हती, बघत होती. काही काड्या निळ्या पसाऱ्यात गुंतलेल्या होत्या. काही मात्र स्पष्ट दिसाव्यात म्हणून मायक्रोस्कोपचं बारीक चक्र केसभर फिरवावं लागे, आणि मग खालचा पसारा अंधूक होई. म्हणजे त्या त्याच्या वर तरंगत होत्या. बेडक्यातली काडी बेडक्याच्या पातळीत असते. वरची काडी वरून आलेली असते.

वरून काय येतं? रंग येतो, आम्ल येतं आणि पाणी येतं.

तिनं तीन कोऱ्या काचा घेतल्या, नुकत्याच खोक्यातून काढलेल्या. त्यांच्यावर अंड्यातलं पांढरं पसरलं, बाकी काही नाही. लाल रंग, ऊब, आम्ल, निळा रंग. एक काच तिनं डिस्टिल्ड पाण्यानं धुतली, एक नळी काढून थेट नळाच्या पाण्यानं, आणि एक त्या शहाण्या धारेनं. पहिल्या दोन काचांवर शंभर घरं रिकामी निघाली. तिसऱ्या काचेवर, जिला कोणा माणसाचा श्वासही लागला नव्हता, लाल काड्या होत्या. पाच.

तिनं नळी उभी चिरली. आतून बुळबुळीत थर धरला होता. बारा दिवस साचलेल्या पाण्यात तिथे क्षयाच्या जंतूंचे लांबचे चुलतभाऊ वाढले होते. निरुपद्रवी, माणसाच्या वाटेला न जाणारे, पण अंगावर तेच मेणचट आवरण आणि आम्लापुढे तीच मिजास. दर धुण्याबरोबर ते थोडे थोडे खाली उतरत होते. नळी तिनं लावली होती. अर्जही नव्हता, दुसऱ्या कोणाची सहीही नव्हती, वाटून घ्यायला कोणी भागीदार नव्हता.

लालबोटी पाच मिनिटं स्टुलावर बसून राहिली. तिला रडू येत नव्हतं. तिला भयंकर लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या तळाशी, खरं सांगायचं तर, आनंदही होत होता. ती उठून खिडकीशी गेली आणि पुढची चूक केली.

"मावशी, माझ्या नळात घोटाळा आहे," ती म्हणाली. "तुमचं बहुतेक काही नाही. उद्या पुन्हा डबी द्या, पण काळजी करू नका."

'बहुतेक' हा शब्द तिनं एकवीस वर्षांत त्या खिडकीतून कोणाला दिला नव्हता. मावशींचा चेहरा असा उजळला की तो परत मागायचा तिला धीर झाला नाही.

डॉक्टरांनी चिरलेली नळी पाहिली, कोऱ्या काचेवरच्या काड्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "एक करू. अकराही रिपोर्ट रद्द. नळी बदलली, विषय संपला. तुमच्या त्या मावशीही सुटतील. वर कळवायची तरी काय गरज आहे, ताई? एकवीस वर्षांचं नाव आहे तुमचं."

"नावाचं काय करायचं ते मी बघते," ती म्हणाली. "अकरा रद्द करून चालणार नाही. नळी खोटं बोलली म्हणजे माणसं खरी निरोगी झाली असं नाही. एरवी दहांत एक निघतोच की. त्या अकरांत तोही असेल."

तिनं कागद ओढला आणि वरच्या प्रयोगशाळेला पत्र लिहिलं. रबरी नळी मी लावली, परवानगी घेतली नव्हती, कोरी काच दर आठवड्याला तपासायला हवी होती ती तपासली नाही, चूक माझी. चार ओळी. अक्षर नेहमीसारखंच स्वच्छ होतं.

मग अकराही जणांना बोलावणं गेलं. प्रत्येकाला तिनं स्वतः खिडकीतून सांगितलं की तपासणीत चूक झाली, माझ्याकडून झाली, पुन्हा तपासायचं आहे. गोळ्या सुरू झालेला एक दुकानदार तिच्यावर पाच मिनिटं ओरडला. ती ऐकून घेत उभी राहिली, आणि तो दम घ्यायला थांबला तेव्हा तिनं त्याच्या हातात डबी दिली. "आता एक, मागच्या मोकळ्या जागेत जाऊन. खोल श्वास घेऊन खोका, नुसती थुंकी नको. दुसरी उद्या सकाळी उठल्या उठल्या." प्रत्येकाच्या दोन डब्या आल्या. बावीस काचा झाल्या.

इथे तिला स्वतःचीच भीती वाटली. बावीसमधल्या दोन काचा मावशींच्या, आणि त्या रिकाम्या निघाव्यात असं तिला इतकं वाटत होतं की डोळ्यांवर विश्वास ठेवायची सोय नव्हती. काडी आहे की रंगाचा कण, असा प्रश्न आला की ती मावशींच्या बाजूनं निकाल देणार, हे ती ओळखून होती. म्हणून तिनं दवाखान्याच्या शिपायाला, मामांना, हाक मारली.

मामांच्या तोंडात तीळ भिजत नसे. डॉक्टरांची बदली डॉक्टरांच्या आधी चहावाल्याला कळायची ती मामांमुळे. लालबोटीनं त्यांच्या हातात बावीस चिठ्ठ्या दिल्या.

"मामा, प्रत्येक काचेच्या नंबरावर एक चिठ्ठी चिकटवायची. नवा नंबर तुमचा, मनाला येईल तसा. कोणता कोणाचा ते तुमच्या कागदावर लिहा आणि कागद तुमच्या खिशात. मी मागितला तरी द्यायचा नाही."

"मागितला तर ओरडाल."

"ओरडले तरी नाही. आणि मी बघत असताना या खोलीत यायचं नाही. तुमच्या तोंडावर सगळं दिसतं."

मामा दोन दिवस बाहेरच्या बाकावर खिशावर हात ठेवून बसून होते. चहासुद्धा डाव्या हातानं प्याले.

दोन दिवस लालबोटीनं डिस्टिल्ड पाण्यानं धुतलेल्या बावीस काचा पाहिल्या. बरोबर एक कोरी काचही ठेवली होती. ती रिकामी निघाली, तेव्हा पाण्याचा प्रश्न मिटला. पहिल्या दिवशीच एका काचेवर काड्यांची गर्दी होती, घरागणिक दोन-तीन. दुसऱ्या दिवशी तशीच आणखी एक. बाकीच्या रिकाम्या निघत होत्या, शंभर घरं, शंभर घरं, शंभर घरं. आणि मग चौदा नंबरावर एका घरात निळ्या पसाऱ्यात गुंतलेली एक काडी दिसली, किंचित वाकलेली. तिनं चक्र फिरवलं. काडी आणि पसारा एकाच वेळी स्पष्ट झाले, एकाच वेळी अंधूक. शंभर घरांत अशा पाच. एकोणीस नंबरावर सहा.

तिनं त्या चारही काचांचे आकडे वहीत लिहिले, खाली सही केली, आणि मगच दार उघडलं.

"वाचा, मामा."

गर्दीच्या दोन काचा एका गवंड्याच्या होत्या. मामांनी ते जोरात वाचलं. मग त्यांचं बोट कागदावर चौदापाशी गेलं, तिथून एकोणिसावर, आणि ते गप्प झाले. मामा गप्प बसले की गोष्ट काय आहे ते विचारावं लागत नसे.

संध्याकाळी ती स्वतः पाळणाघराकडे गेली. भिंतीला कमरेच्या उंचीवर चौदा खुंट्या होत्या, प्रत्येकीखाली एक चित्र, कारण पोरांना नावं वाचता येत नाहीत. बदकाची खुंटी तिच्या लेकीची होती. मावशी दारापुढचं पायपुसणं झटकत होत्या. मुलं सोमवारपासून यायची होती. 'बहुतेक काही नाही' हे त्यांनी सगळ्या आईबापांना कळवून टाकलं होतं.

"मावशी, सोमवारी उघडायचं नाही," लालबोटी म्हणाली. "तुम्हाला क्षय आहे. थोडा आहे, लवकर सापडलाय, पण आहे."

मावशींनी पायपुसणं खाली ठेवलं. "पुन्हा नळच असेल तुमचा."

"नळ नाही. या वेळी मी नळाला हातही लावला नाही."

"त्या दिवशी म्हणालात, काही नाही."

"त्या दिवशी मी बघायच्या आधी बोलले. ती माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. आज बघून सांगते आहे. कोणाची काच ते ठाऊक नसताना बघितलंय."

मावशींनी खुंट्यांवरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी विचारलं, "मला दाखवाल?"

दुसऱ्या दिवशी दाखवली. मावशींना आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या, मग नुसतं निळं. लालबोटीनं त्यांच्या हातावर हात ठेवून चक्र फिरवलं. "मध्यावर बघा. लाल, बारीक, जरा वाकलेली."

"एवढीशी?" मावशी म्हणाल्या. "हिच्यापायी?" आणि थोड्या वेळानं, डोळा न काढता, "ताई, तुम्ही चुकलात तेव्हा खिडकीत उभं राहून सगळ्यांना सांगितलंत. त्या दुकानदाराचं ओरडणं मी बाकावर बसून ऐकलं. तसं सांगितलं नसतंत, तर आज मी तुमच्यावर विश्वास ठेवला नसता. द्या त्या गोळ्या."

बाकीच्या नऊ जणांची सुटका झाली. दुकानदारानं निरोपाला मानेनंच उत्तर दिलं. वरच्या प्रयोगशाळेनं तीन महिने तिच्या सगळ्या काचा पुन्हा तपासल्या, आणि नमुना म्हणून दाखवायच्या कागदांत तिचं चार ओळींचं पत्रही ठेवलं. पाळणाघरातल्या चौदाही मुलांची तपासणी झाली. एकालाही आजार नव्हता, सगळ्यात लहानांना खबरदारीच्या गोळ्या मिळाल्या. अकरा रद्द झाले असते तर सोमवारी ती चौदा मुलं मावशींच्या मांडीवर असती. हा विचार लालबोटीच्या मनात आला की तिचा हात आपोआप नळाच्या तोंडाकडे जाई आणि ते मोकळं आहे ना ते चाचपून बघे.

दोन महिन्यांनी मावशींची डबी पुन्हा आली. ती रिकामी निघाली तर मुलं परत पाठवू, असं आईबाप म्हणाले होते. त्या सकाळी एकूण सहा काचा होत्या. ओळखीचं माणूस असलं की आता मामा न सांगता सगळ्या काचांवर चिठ्ठ्या लावत आणि खिसा धरून बाहेर जात. त्या दिवशीही त्यांनी तसंच केलं.

दुपार झाली तरी दार उघडेना. मावशी खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर दोनदा डोकावून गेले. अखेर दार उघडलं, वहीवर सही झाली, मामांनी खिशातला कागद काढला आणि या वेळी न थांबता वाचला.

लालबोटी खिडकीशी आली. तिचे डोळे बोटांइतकेच लाल झाले होते.

"काही नाही, मावशी. एकही नाही."

"नीट बघितलंत ना? शंभर?"

"दोनशे."

"शंभर पुरतात म्हणाला होतात."

"पुरतात. पण तुमच्या काचेची दोनशे बघायची होती मला."

मावशींनी मामांच्या हातातल्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं. "पण माझी काच कोणती ते तुम्हाला कुठे ठाऊक होतं?"

"नव्हतंच ना," लालबोटी म्हणाली. "म्हणून सहाही काचांची दोनशे दोनशे बघितली."